श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात घरी रुग्णाची देखभाल कशी करावी

फ्लू, कोविड, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) किंवा साधे पडसे, यांपैकी काहीही झालेला माणूस घरात असला की सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरवर खिळलेले असते. पारा १०३ वर गेला की धावपळ उडते आणि ९९ वर आला की घर निर्धास्त होते. वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना आणि पुढे घरोघरी रुग्ण पाहताना माझे मत पक्के होत गेले आहे, की या आजारांत जिवाला धोका आहे की नाही हे तापाच्या आकड्यावरून कळत नाही, श्वासावरून कळते. ताप मोजणे सगळ्यांना येते, श्वास मोजणे जवळपास कोणालाच येत नाही, आणि म्हणून या लेखातला मोठा भाग श्वासासाठी ठेवला आहे. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, हवेशीर खोली आणि नोंदी करण्यासाठी एक वही एवढी तयारी घरात आहे असे मी गृहीत धरते.

पहिली नोंद

वहीत सर्वांत आधी लक्षणे सुरू झाली ती तारीख लिहावी. तपासणीची किंवा डॉक्टरांकडे गेल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. अंगात कणकण आली, घसा खवखवू लागला किंवा खोकल्याची पहिली ढास आली तो दिवस हवा. पुढचे सगळे निर्णय याच तारखेपासून दिवस मोजून घ्यायचे असतात. तिच्या खाली रुग्णाचे वय, वजन, जुने आजार आणि रोज चालू असलेली औषधे लिहून ठेवावीत.

आजार कोणता असावा

नाक, घसा आणि फुप्फुसे यांना ग्रासणारे विषाणू पुष्कळ आहेत. इन्फ्लुएन्झाचे ए आणि बी प्रकार, कोविडचा सार्स-कोव्ह-२, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि २००१ मध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, पण अंदाजाला निदान समजू नये. फ्लू बहुधा एकदम येतो; सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी अंग मोडून अंथरुणावर पडतो आणि ताप कधी भरला ती वेळसुद्धा सांगू शकतो. साधे पडसे घशापासून सुरू होऊन नाकात उतरते आणि त्यात मोठ्या माणसाला ताप क्वचितच येतो. आरएसव्ही मोठ्यांना सर्दीसारखा वाटतो, मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आणि वृद्धांच्या छातीत तो उतरतो. कोविड यांपैकी कोणाचेही रूप घेऊ शकतो.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळही थोडी दिशा देतो. फ्लूमध्ये तो एक ते चार दिवस, आरएसव्हीमध्ये बहुधा चार ते सहा दिवस आणि कोविडमध्ये दोन ते चौदा दिवस असतो.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. सत्तरीपुढच्या माणसाला फुप्फुसांचा गंभीर संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, जेवण टाकणे, तोल जाऊन पडणे किंवा दिवसभर ग्लानीत राहणे हेच त्याचे पहिले लक्षण असू शकते. ‘वयामुळे होत असेल’ असे म्हणून ते सोडून देऊ नये.

नाक, घसा, खोकला यांपैकी कशाचाही त्रास नसताना नुसताच ताप असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मलेरिया, डेंग्यू, मूत्रमार्गाचा संसर्ग असे अनेक आजार तापानेच सुरू होतात आणि त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

तपासणी कधी करावी

विषाणूचे नाव कळल्याने उपचार बदलणार असतील तेव्हा तपासणी जरूर करावी आणि लवकर करावी. पासष्टीपुढचे लोक, गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुले, दमा, मधुमेह, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले, अतिस्थूल व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यासाठी हे लागू होते, कारण फ्लू आणि कोविडवर विषाणूरोधक औषधे आहेत आणि ती पहिल्या काही दिवसांतच नीट काम करतात. तरुण, धडधाकट माणसाला तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागले असेल तर विषाणूचे नाव न कळल्याने काही बिघडत नाही.

घरच्या अँटिजेन चाचणीत सर्वाधिक चुका नमुना घेताना होतात. नाकातली काडी वर कपाळाच्या दिशेने खुपसायची नसते. नाकाच्या तळाला समांतर, मागच्या बाजूला न्यायची असते आणि सूचनापत्रात लिहिले आहे तितके वेळा फिरवायची असते. चाचणी होकारार्थी आली तर तिच्यावर बहुतांशी विश्वास ठेवता येतो. नकारार्थी आली तर, विशेषतः पहिल्या दिवशी, तिचा अर्थ फक्त ‘अजून सापडला नाही’ एवढाच होतो. कोविडची शंका असेल तर ४८ तासांनी पुन्हा करावी. आरटी-पीसीआर अधिक अचूक असते, पण बरे झाल्यावरही ती कित्येक आठवडे होकारार्थी येऊ शकते, कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही तिला सापडतात. म्हणून बरे झालो का हे पाहण्यासाठी ती पुन्हा पुन्हा करणे व्यर्थ आहे. श्वास व्यवस्थित चालू असताना पहिल्याच दिवशी छातीचा सीटी स्कॅन करून घेण्याचा आग्रहही धरू नये.

ताप आणि अंगदुखी

ताप हा शरीराने स्वतः वाढवलेला असतो. विषाणूची चाहूल लागली की मेंदूतले तापमानाचे नियंत्रण शरीर वरच्या अंशावर नेते, त्यामुळे अंग तापत असतानाही माणसाला थंडी वाजते. औषध द्यायचे ते रुग्णाला आराम मिळावा म्हणून, आकडा खाली आणण्यासाठी नव्हे. १०१ ताप असलेले मूल खेळत असेल तर त्याला औषध पाजण्याचे कारण नाही, झोपेतून उठवून तर नाहीच. तापाचे औषध दिल्याने तापातले झटके टळतात हा समजही खरा नाही.

प्रौढांनी पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. मुलांना वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे दोन धोके आहेत. पहिला असा, की सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असते, त्यामुळे तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी घेतली की नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृताला इजा होते. दुसरा असा, की बाळांचे थेंबांचे औषध आणि मोठ्या मुलांचे सिरप यांची तीव्रता सारखी नसते. सिरपच्या चमच्याने थेंबांचे औषध मोजले तर मात्रा काही पटींनी वाढते. बाटलीवरचे ‘दर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम’ हे वाचल्याशिवाय बूच उघडू नये.

अठरा वर्षांखालच्यांना फ्लूसारख्या आजारात ॲस्पिरिन मुळीच देऊ नये; त्यातून मेंदू आणि यकृताला ग्रासणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू नयेत, त्याने हुडहुडी भरून उलट त्रास वाढतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर घरी कोणताही उपाय न करता तडक रुग्णालयात न्यावे. या नियमाला अपवाद नाही.

पाणी, झोप, नाक, घसा

थोडे थोडे पण सतत प्यायला द्यावे, भूक नसेल तर जेवणाचा आग्रह धरू नये, आणि लघवी किती वेळा झाली ते वहीत लिहावे. बाळ नाकानेच श्वास घेते, म्हणून दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालून त्याचे नाक मोकळे करावे. खोकल्यासाठी एक वर्षावरच्या मुलांना मध चालतो; एक वर्षाखाली बोट्युलिझमच्या (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराच्या) धोक्यामुळे तो अजिबात देऊ नये. लहान मुलांना खोकल्याची आणि सर्दीची मिश्र सिरपे स्वतःच्या मनाने पाजू नयेत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलांना वाफ द्यायला बसवू नये. वाफेने विषाणू मरत नाही, आणि भांडे कलंडून भाजलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

श्वास मोजणे

आता मुख्य काम. वाचायला हे अगदी सोपे वाटते. छाती वर जाताना पाहायची आणि मिनिटभर मोजायचे, एवढेच तर आहे. प्रत्यक्षात मात्र हे काम मला सर्वांत जड गेले, आणि आजही नव्या मुलींना शिकवताना मी सगळ्यांत जास्त वेळ यावरच घालवते. याचे कारण असे, की श्वास हा असा आकडा आहे जो मोजला जातो आहे हे कळताच बदलतो. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असे म्हटले की रुग्ण दीर्घ, संथ श्वास घेऊ लागतो आणि मिनिटाला २८ श्वास घेणाऱ्या माणसाचे १८ भरतात. घरची माणसे निर्धास्त होतात ती इथेच.

म्हणून रुग्णाला सांगायचे नाही. त्याला पाठीमागे उशा देऊन अर्धवट बसते करावे, पाच-दहा मिनिटे शांत राहू द्यावे आणि नाडी पाहतो आहोत असे सांगून मनगट धरावे. मनगट पोटावर किंवा छातीच्या खालच्या टोकाशी टेकवून ठेवले तर श्वासाबरोबर होणारी हातातली हालचाल स्वतःच्या बोटांना जाणवते आणि टक लावून पाहावे लागत नाही. पांघरूण कमरेपर्यंत खाली सरकवावे, कारण जाड पांघरुणाखालचा श्वास दिसत नाही. मग घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत पूर्ण साठ सेकंद मोजावे. वर जाणे आणि खाली येणे मिळून एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय मोडावी. एका श्वासाची चूक तिथे चाराची होते, आणि १८ व २२ यांत फार मोठा फरक आहे. मोजताना बोलू नये, आणि रुग्ण खोकला किंवा बोलला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. २१ ते २४ आले तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावेत आणि तेवढेच राहिले तर डॉक्टरांना फोन करावा. २५ किंवा अधिक आले तर त्याच दिवशी, वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ३० म्हणजे आणीबाणी. तिथे गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा रुग्णवाहिका बोलवावी. ताप उतरलेला आहे आणि रुग्ण ‘बरे वाटते’ म्हणतो आहे म्हणून हे आकडे सैल करू नयेत.

मुलांचे आकडे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी घालून दिलेल्या मर्यादा घरीही वापरता येतात: दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. मूल रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. ते झोपलेले किंवा मांडीवर शांत असताना सदरा वर करून पोटाकडे पाहावे, कारण बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर अधिक स्पष्ट दिसतो. लहान बाळे काही सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास घेतात. हे नेहमीचे असते, आणि म्हणूनच पूर्ण मिनिट मोजणे त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचे. श्वास वीस सेकंद थांबला, किंवा थांबल्यावर बाळ निळसर अथवा ढिले पडले, तर ती आणीबाणी आहे.

तापाने श्वासाचा वेग थोडा वाढतो हे खरे आहे. त्यामुळे ताप भरलेला असताना आकडा मर्यादेच्या जरा वर आला आणि मूल एरवी नीट दिसत असेल, तर ताप उतरल्यावर एकदा परत मोजावे. मात्र ही सवलत फक्त आकड्यापुरती आहे. पुढे सांगितलेल्या खुणांपैकी एकही दिसली तर ताप उतरण्याची वाट पाहायची नाही.

श्वासाचा वेग मोजून झाल्यावर श्वासासाठी पडणारे कष्ट पाहावेत. बरगड्यांच्या खालची किंवा मधली जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का, गळ्याच्या तळाशी खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, मान प्रत्येक श्वासाबरोबर हलते का, श्वास सोडताना बाळ कण्हते का. यांतली प्रत्येक खूण सांगते की नेहमीचे स्नायू अपुरे पडले आहेत आणि शरीराने राखीव स्नायू कामाला लावले आहेत. कण्हणे तर विशेष गंभीर समजावे, कारण फुप्फुसातल्या मिटू पाहणाऱ्या वायुकोशांना उघडे ठेवण्यासाठी बाळ तो दाब देत असते. उलट, दमलेल्या रुग्णाचा भरभर चालणारा श्वास एकाएकी मंद झाला आणि त्याच वेळी ग्लानी वाढली, तर ती सुधारणा नसून स्नायू थकल्याची खूण आहे. या क्षणी घरचे लोक ‘आता झोप लागली’ म्हणून दिवा मालवतात. असे कधीही करू नये. रुग्णाला हलवून जागे करून पाहावे.

मोठ्या माणसांसाठी आणखी एक साधी पाहणी आहे. त्यांना असा प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येणार नाही, आणि उत्तर देताना ते कुठे थांबतात ते ऐकावे. एका आजोबांना मी रात्र कशी गेली ते विचारले, तेव्हा ‘रात्र बरी... गेली, पण... पाठ जरा... दुखत होती’ असे उत्तर आले. चेहरा हसरा होता, ताप नव्हता, मुलगा म्हणत होता की कालपेक्षा आज बरे आहेत. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागणारा माणूस बरा नसतो. त्यांचे श्वास मिनिटाला ३२ भरले.

ऑक्सिमीटर कसा वापरावा

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण तो श्वास मोजण्याच्या जोडीला वापरावा, श्वासाऐवजी वापरू नये. हे उपकरण बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनने त्यातला किती शोषला यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढते. बोट गार असेल, नखांना रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करावेत, नखाचा रंग काढावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून स्थिर ठेवावा आणि किमान एक मिनिट, आकडा एका जागी ठरेपर्यंत थांबावे. पडद्यावर पहिल्यांदा चमकलेला आकडा लिहू नये. पडद्यावरची नाडी आणि मनगटावर मोजलेली नाडी यांत मोठा फरक असेल तर ऑक्सिजनचा आकडाही ग्राह्य धरू नये. गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये ही उपकरणे प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतात, म्हणून सीमेवरच्या आकड्याला नेहमी वाईट बाजूने वाचावे.

९५ किंवा अधिक ठीक. ९४ किंवा कमी दोनदा नीट मोजून आले तर डॉक्टरांशी बोलावे. ९२ किंवा कमी आले तर रुग्णालयात जावे, आणि ९० च्या खाली घरी एक तासही काढू नये. फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. त्यांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी.

कोविडमध्ये ऑक्सिजन बराच खाली जाऊनही काही रुग्णांना धाप लागल्याचे जाणवत नाही. धाप लागल्याची भावना मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते, आणि तो वायू आजारी फुप्फुसांतूनही बराच काळ बाहेर टाकला जात असतो. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ या शब्दांवर विसंबू नये. बसल्या जागी आकडा चांगला असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर कोणीतरी सोबत राहून त्याला एक मिनिट उठ-बस करायला किंवा खोलीत चालायला सांगावे आणि पुन्हा मोजावे. तीन किंवा अधिक टक्क्यांची घसरण ही डॉक्टरांना कळवण्याजोगी गोष्ट आहे. बसल्या जागीच धाप लागलेल्या माणसाला ही चाचणी करायला लावू नये.

दिवसांचा हिशेब

आता वहीतल्या पहिल्या तारखेचा उपयोग होतो. फ्लूचा ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत उतरतो. बाळांमधला आरएसव्ही तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोरात असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरे दिसणारे बाळ डॉक्टरांना एकदा दाखवून झाले म्हणून विषय संपत नाही. कोविड बिघडला तर बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान बिघडतो, म्हणजे नेमका घरच्यांचा उत्साह ओसरलेला असताना. पहिल्या तीन दिवसांत तासातासाला मोजमाप करून चौथ्या दिवशी वही मिटणाऱ्या घरांना माझे सांगणे आहे, की याच्या बरोबर उलट करावे. धोक्याच्या गटातल्या (वर तपासणीच्या भागात सांगितलेल्या) रुग्णाचा श्वास आणि ऑक्सिजन दहाव्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीनदा आणि झोपण्यापूर्वी एकदा मोजावा.

यापेक्षा वेगळी आणि तितकीच महत्त्वाची खूण म्हणजे परतलेला ताप. ताप उतरला, एक-दोन दिवस माणूस हिंडू-फिरू लागला, आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप भरला, खोकला वाढला, श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचू लागले, तर विषाणूने खरवडलेल्या श्वासमार्गात जिवाणू शिरून न्यूमोनिया झाला असण्याची दाट शक्यता असते. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीतले बहुसंख्य मृत्यू अशाच जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, असे त्या काळातल्या शवविच्छेदनांच्या पुढे झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आज आहेत; मात्र ती वेळेवर मिळण्यासाठी परतलेला ताप ओळखता आला पाहिजे.

औषधांविषयी

फ्लूसाठी ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. प्रौढांना नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. धडधाकट माणसाचा आजार त्याने सुमारे एका दिवसाने कमी होतो, पण धोक्याच्या गटातल्यांना आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते उशिरानेही दिले जाते. कोविडसाठी निर्माट्रेल्विर आणि रिटोनाविर यांची जोडगोळी पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अनेक औषधांशी तिचे वाकडे आहे, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवल्याशिवाय ती घेऊ नये.

प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. कफ पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून जिवाणू आले असे ठरत नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. जुन्या चिठ्ठीतली तीन दिवसांची गोळी पुन्हा आणून घेण्याची पद्धत मला अतिशय घातक वाटते, कारण तिने आजार तर हटत नाहीच, उलट खरा न्यूमोनिया होतो तेव्हा ते औषध लागू पडेनासे होते.

स्टेरॉइडच्या बाबतीत त्याहून कडक राहावे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कोविडचे मृत्यू कमी झाले, पण ते फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांत. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा झाला नाही. तरीही लोक ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करतात, ताप दबतो आणि आतला आजार वाढत राहतो. दम्याचा रुग्ण असेल तर गोष्ट निराळी. त्याचे नेहमीचे इनहेलर बंद करू नये आणि दम उसळला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली योजना पाळावी.

रुग्णालयात कधी जावे आणि काय सांगावे

वरचे आकडे ओलांडले गेले, ओठ किंवा जीभ निळसर झाली, छातीत सतत दुखू लागले, बोलण्यात गोंधळ आला, रुग्ण जागा राहीना, थुंकीतून रक्त पडले, किंवा मुलाला आठ तासांत लघवी झाली नाही, तर निघावे. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ हे वाक्य या यादीपुढे उच्चारू नये.

फोनवर ‘खूप ताप आहे, लवकर या’ असे म्हटल्याने समोरच्याला काही कळत नाही. असे सांगावे: ‘वय ६८, मधुमेह आहे, लक्षणांचा सहावा दिवस, शांत बसलेले असताना श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९२, दोन-दोन शब्दांनंतर थांबतात, सकाळपासून लघवी एकदाच.’ एवढ्या एका वाक्यावर समोरचा माणूस रुग्णाचा निर्णय घेऊ शकतो. वही सोबत न्यावी. निघेपर्यंत रुग्णाला आडवे झोपवू नये, टेकून बसवावे.

घरातल्या इतरांसाठी

खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रुग्णाजवळ जाताना नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा, हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. तापाचे औषध न घेता चोवीस तास ताप नसेल आणि बाकी लक्षणेही उतरणीला लागली असतील, तर रुग्णाने हळूहळू माणसांत यावे. वृद्ध आणि बाळांपासून आणखी काही दिवस दूर राहावे.

मागे राहणारा खोकला

विषाणू गेल्यावरही कोरडा खोकला दोन ते तीन आठवडे राहतो, कारण श्वासमार्गाचे सोलवटलेले अस्तर भरून यायला तेवढा वेळ लागतो. दिवसेंदिवस तो कमी होत असेल आणि श्वासाचे आकडे ठीक असतील तर नवीन औषधे शोधत फिरू नये. तीन आठवड्यांनंतरही टिकलेला खोकला, किंवा त्याआधीच घटणारे वजन, रात्री येणारा घाम अथवा थुंकीत रक्त दिसल्यास छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. व्यायाम आणि जड काम टप्प्याटप्प्याने सुरू करावे; सुरू केल्यावर छातीत दुखले, धडधड वाढली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून ईसीजी काढून घ्यावा, कारण हे विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात.